उजव्या बाजूला काय होतं

ओलिवा आणि बेलार्मिनो तोलेदोला पोचले तेव्हा ऊन भिंती सोडून छपरांवर चढलं होतं. खरं तर ते दुपारीच पोचायचे. माद्रिदच्या बाहेर बस वाहनांच्या रांगेत अडकली आणि सगळी दुपार तिथेच गेली. सबंध वाटभर बेलार्मिनो खिडकीला डोकं टेकून बाहेरच्या उन्हाकडे बघत होता आणि मधूनमधून विचारत होता, "अजून किती?" ओलिवाला वाटलं, भूक लागली असेल.

दोघं माझे शेजारी. उत्तरेला अस्तुरियासच्या डोंगरातल्या आमच्या लोरिएदो गावात एकाच जिन्यावर आमची दारं समोरासमोर आहेत. जे घडलं ते ओलिवानंच मला सांगितलं, आणि काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बेलार्मिनोला गावात सगळे मिनो म्हणतात. तरुणपणी तो खाणीत होता. खाण बंद पडली तशी त्यानं बेकरीची गाडी धरली. पहाटे उजाडायच्या आत निघायचं, वरच्या वाड्यावस्त्यांवर जायचं, दारादारावर टांगलेल्या कापडी पिशवीत पाव टाकायचा आणि लोकांची न्याहारी व्हायच्या आत परत यायचं. उंचापुरा, बोलघेवडा, कुणाचीही थट्टा करणारा माणूस. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं, नुरियानं, आईबापांना तोलेदोची सहल भेट दिली होती. चार रात्री, चौकाजवळचं हॉटेल, सकाळच्या नाश्त्यासकट.

खोलीत शिरल्या शिरल्या मिनो पलंगावर बसला.

"आता उद्या सकाळी निघू. पाय दुखतायत."

"बसमध्ये बसून पाय दुखतात होय? ऊठ."

"अगं, अंधार पडेल आता. काय दिसणार आहे?"

"दिवे आहेत की. आपलं गाव नाही हे, दोन खांबांवरचं. लग्नात काय म्हणाला होतास? खाणीतला संप मिटला की तोलेदोला नेतो. संप मिटला, खाण मिटली, तुझ्या डोक्यावरचे केससुद्धा मिटले. आता तरी ऊठ."

तो हसला आणि उठला. बाहेर पडताना त्यानं तिच्या दंडात हात घातला. ओलिवा चमकलीच. गावात हा माणूस कायम तिच्या चार पावलं पुढे चालायचा.

"काय रे, लोकं बघतायत."

"बघू देत. माझीच बायको आहे ना?"

"तीस वर्षं कुठे होता हा हात?"

"पाव वाटत होता."

ती मोठ्यानं हसली. मला सांगताना म्हणाली, तेवढ्या पाच-दहा मिनिटांत ती पुन्हा लग्नाची पोरगी झाली होती. नोव्हेंबरचे दिवस, हवेत गारवा, चौकात सगळं गाव संध्याकाळच्या फेरीला उतरलेलं. म्हातारे बाकांवर, बाया हातात हात घालून, पोरं पायात पायात. खाणीच्या गावातल्या बाईनं एवढे दिवे एका जागी फक्त जत्रेत पाहिलेले. तिला सगळंच एकदम बघायचं होतं.

चौकातल्या एका हॉटेलात ते बाहेरच्या टेबलावर बसले. वेटरनं डुकराच्या मांसाचा रस्सा आणि दोन ग्लास लाल वाइन आणली. मिनोचा ग्लास त्यानं उजव्या हाताशी ठेवला. मिनो काहीतरी सांगायला वळला आणि कोपरानं ग्लास थेट फरशीवर.

"पहिल्याच ग्लासात?" ओलिवा म्हणाली.

"राहू द्या हो काका, आज संध्याकाळपासून हा तिसरा," वेटर काचा गोळा करत म्हणाला. "दुसरा आणतो."

मिनो जरा जास्तच हसला. नवा ग्लास आला तेव्हा त्यानं आधी टेबलावर हात फिरवून तो शोधला आणि मग दोन्ही हातांनी धरून ठेवला. ओलिवानं ते पाहिलं. पण माणूस लाजला असेल, असंच तिला वाटलं.

तिथून ते कॅथेड्रलच्या दिशेनं निघाले. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना तलवारींची आणि सोन्याच्या तारकामाची दुकानं. एका काचेसमोर मिनो थांबला आणि एका तलवारीची मूठ फार वेळ बघत राहिला. इतकी बारीक नक्षी, इतका लहानसा सिंह, त्याची आयाळसुद्धा दिसते म्हणाला. ओलिवा त्याला शेजारची भलीमोठी ढाल दाखवत होती. "कुठे?" तो म्हणाला. "अरे ही काय, तुझ्या नाकासमोर!" त्यानं मान वळवली, हळूहळू, चूल पेटवताना फुंकणी फिरवावी तशी, आणि ढाल सापडल्यावर म्हणाला, "हं. छान आहे."

चार पावलांवर तो एका बाबागाडीवर आदळला. पोरगं रडायला लागलं.

"अहो, बघून चाला की!" त्या पोराची आई खेकसली.

"माफ करा, बाई, चुकलं माझं," मिनो म्हणाला. पण बोलताना त्याचं तोंड तिच्याकडे नव्हतं. बाई उभी होती तिच्या हातभर डावीकडे, बंद दुकानाच्या शटरकडे बघून तो माफी मागत होता.

ओलिवानं त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. "तुला बरं वाटतंय ना?"

"वाइन चढली. चल, परत जाऊ."

"परत काय? नुरियानं सांगितलंय, तो नन लोकांचा मठ आहे ना, तिथे बदामाची मिठाई मिळते. भिंतीतल्या फिरत्या कपाटातून देतात, तोंडसुद्धा दाखवत नाहीत. मागच्या बाजूला आहे, वाटेत एका माणसाला विचारलं मी."

"मागच्या बाजूला नको. मोठ्या रस्त्यानं जाऊ."

"मोठे रस्ते रोज बघतोस."

मठाकडे जाणाऱ्या गल्ल्यांना वरून छत आहे. दोन बाजूंची घरं वर एकमेकांना मिळालेली, खालून बोगद्यासारखी वाट, टोकाला भिंतीत एक पिवळा दिवा. बाहेर अजून आभाळ निळं होतं, पण आत संध्याकाळ संपलेली. मिनोचा हात तिच्या दंडावर आवळला. तो पाय उचलून पुढे टाकत नव्हता. थंडीत नदीत उतरणारा माणूस पाण्याचा अंदाज घेतो, तसा बुटाच्या टोकानं दगड चाचपत होता.

"काय लहान पोरासारखा करतोस?" ओलिवा म्हणाली. "खाणीत जन्म काढलास आणि गल्लीतल्या अंधाराला भितोस? ये तू सावकाश. मी बघते मिठाईचं दार उघडं आहे का, नाहीतर बंद होईल."

आणि हात सोडवून ती पुढे गेली.

दिव्याखाली पोचल्यावर तिनं वळून पाहिलं. मिनो होता तिथेच होता. एक हात भिंतीला, दुसरा समोर, पंजा उघडा. तिच्यात आणि त्याच्यात जेमतेम अंगणाएवढं अंतर. ती उजेडात उभी, तो तिच्याकडेच तोंड करून.

"ओलिवा?"

ती बोलणार होती. तोंड उघडलंसुद्धा. पण तो तिच्याकडे बघत होता आणि बघत नव्हता. त्याचे डोळे तिच्या कपाळावरून, खांद्यावरून, मागच्या भिंतीवरून सरकत गेले आणि कुठेच अडकले नाहीत.

"ओलिवा, कुठे आहेस?" आवाज बारीक झाला होता. "ए... चेष्टा नको. ओलिवा!"

ती मला म्हणाली, मी का गप्प राहिले मला कळत नाही. मला बघायचं होतं. एवढा मोठा माणूस, कोळशाची पाटी एका हातानं उचलणारा, तो त्या गल्लीत दावणीचं जनावर सुटून भरकटावं तसा उभा होता. मग त्यानं एक पाऊल टाकलं, खळग्यात पाय गेला आणि तो गुडघ्यावर पडला. तेव्हा ती धावली.

"मी इथेच आहे. इथेच आहे रे."

मठाच्या बंद दाराला तीन पायऱ्या होत्या. तिनं त्याला तिथे बसवलं. गुडघ्यावर पँट फाटली होती. ती रुमालानं रक्त पुसायला लागली आणि पुसता पुसता रडायला लागली.

"किती दिसतं तुला?"

"दिवसा दिसतं. समोरचं दिसतं. बाजूचं नाही." त्यानं मूठ वळली आणि तिची पुंगळी करून डोळ्याला लावली. "असं. आणि अंधार झाला की तेही नाही. रातांधळेपणानं सुरुवात होते म्हणाला डॉक्टर. मग कडा खायला लागतं. शेवटी मधलंही जाणार."

"डॉक्टर? तू डॉक्टरकडे कधी गेलास?"

"ओव्हिएदोला. टायर बदलायला गेलो होतो ना."

"त्याला दोन वर्षं झाली, मिनो."

"हो."

"दोन वर्षं एकटाच घेऊन बसलास? मला का नाही सांगितलंस, वेड्या?" तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. त्या क्षणी तिला फक्त त्याची दया येत होती. इलाज आहे का, माद्रिदला कुणी मोठा डॉक्टर असेल का, नुरियाला विचारू, असं काहीबाही ती बोलत होती. तो नुसता मान हलवत होता. मग बोलता बोलता ती थांबली.

"पण मग पहाटे गाडी कशी चालवतोस?"

"सवयीनं. सगळी वळणं हाताला ठाऊक आहेत."

"पहाटे अंधार असतो."

त्यानं रुमाल गुडघ्यावर दाबून धरला.

"हिवाळ्यात तर परत येईपर्यंत अंधार असतो," ओलिवा म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून एक नाव निघालं. तिनं ते ठरवून उच्चारलं नाही. "ओनोरिनो."

मिनोनं "काय?" म्हणून विचारलं असतं, "त्याचं काय मधेच?" असं म्हणाला असता, तरी तिनं मानलं असतं. पण तो गप्पच बसला. फाटक्या गुडघ्यावर हात ठेवून, मान खाली घालून.

ओनोरिनो आमच्या वरच्या वस्तीतला, रेमेदियोसचा नवरा. मिनोच्याच पाळीचा खाणकामगार, निवृत्त झालेला. एक गाय होती, तिला चारा घालायला तो रोज पहाटे रस्त्याच्या कडेनं गोठ्यावर जायचा. फेब्रुवारीत, धुक्याच्या दिवशी, कुणाच्या तरी गाडीनं त्याला उडवलं. दुपारी तो ओढ्याच्या बाजूच्या चरात सापडला. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला नाही, बराच वेळ जिवंत होता. पोलीस गावात घरोघर फिरले, गाड्या बघितल्या. मिनोच्या गाडीचा उजवा आरसा फुटलेला होता. दार ओलिवानं उघडलं होतं आणि तिनंच त्यांना सांगितलं होतं, की आधीच्या आठवड्यात रानडुक्कर धडकलं. मिनो तसं म्हणाला होता. तिनं त्या आरशाकडे आधी कधी पाहिलंच नव्हतं. पण नवऱ्याचा शब्द तिला स्वतःच्या डोळ्यांएवढाच खरा, म्हणून तिनं आठवडासुद्धा छातीठोकपणे सांगितला. आमच्याकडे रानडुकरं रोजची. पोलीस पुढच्या घरी गेले.

"सांग," ओलिवा म्हणाली.

"धप्प झालं. उजव्या बाजूला." मिनो खालच्या आवाजात बोलत होता. "मी थांबलो, ओलिवा. देवाशपथ थांबलो. खाली उतरलो, टॉर्च मारला. मला टॉर्चमध्ये बशीएवढं दिसतं, बाकी काळं. गवत दिसलं. पांढरी रेघ दिसली. फुटलेला आरसा दिसला. वाटलं, डुक्कर होतं, पळालं."

"हाक मारलीस?"

"डुकराला कोण हाक मारतं?"

"मग?"

"मग पाव टाकायचे होते."

"त्याच्या दारावरही?"

"हो. पिशवी टांगलेली होती. टाकला."

गल्लीच्या तोंडाशी कुणी दोघं-तिघं हसत गेली. त्यांचा आवाज दूर जाईपर्यंत ती थांबली.

"कळलं कधी तुला?"

"दुपारी. तो चरात सापडला तेव्हा."

"आणि तरी तू त्याच्या पेटीला खांदा दिलास."

"रेमेदियोसनंच बोलावलं. म्हणाली, मिनो, तू त्याचा पाळीतला माणूस, पुढच्या बाजूला तू धर. नाही कसं म्हणणार होतो?" तो आता रडत होता, पण आवाज न करता. "मी सोडणार होतो गाडी. येत्या जानेवारीत. मालकाला सांगणार होतो, पाठ दुखते म्हणून."

"काल पहाटे चालवलीस."

"हो."

"परवा चालवलीस."

"ओलिवा, आता राहिलंय काय माझ्याकडे? एवढीशी नजर. वर्षभरात तीही जाईल. आयुष्यभर आंधळा राहणार आहे मी. ही शिक्षा कमी आहे का?"

"ती शिक्षा नाही, मिनो. तो आजार आहे."

ती उठली. पर्स घेतली आणि चालायला लागली. मागून त्यानं हाक मारली नाही.

कुठल्या गल्ल्यांतून गेली ते तिला आठवत नाही. एका ठिकाणी घरं संपली आणि कठडा लागला. खाली खोल दरीत नदी होती, पलीकडच्या काठावर दिवे लागत होते. शेजारी एक जोडपं फोटो काढत होतं. त्यांनी तिला विचारलं, आमचा एक काढता का? तिनं काढला. पोरगी म्हणाली, "किती सुंदर आहे ना?" ओलिवा म्हणाली, "हो, फार." तिच्या स्वतःच्या तोंडून आलेला तो आवाज तिला कुणा परक्या बाईचा वाटला.

ती कठड्याशी उभी राहून विचार करत होती. कुणालाच माहीत नाही. ओनोरिनो काही परत येत नाही. मिनोला गाडी सोडायला लावायची, उद्याच लावायची, आणि तोंड मिटून घ्यायचं. नुरियाचं पुढच्या वर्षी लग्न आहे. रेमेदियोसला पेन्शन आहे, मुलगा आहे. गावात तोंड दाखवायला जागा राहील. हे सगळं तिला पटत होतं, अगदी व्यवस्थित. मला म्हणाली, "मी देवाबिवाचा विचार केला नाही. मी गप्पच बसणार होते."

आणि मग तिला त्या पायऱ्या आठवल्या. तो तिथून उठू शकणार नव्हता. उठला तर पडेल, म्हणून बसून राहील. आणि हा माणूस मदतीला कुणाला हाकही मारणार नाही, कारण हाक मारली तर सांगावं लागेल. कुणी तरी येईल म्हणून अंधारात वाट बघत बसेल. ओनोरिनोनंही चरात पडल्या पडल्या तेच केलं असेल. गाडी थांबलेली त्यानं ऐकली असेल. दार उघडल्याचं ऐकलं असेल. टॉर्चचा उजेडसुद्धा पाहिला असेल कदाचित.

ती परत फिरली. वाट सापडेना, दोनदा चुकली, शेवटी मठाची घंटा वाजली त्या रोखानं गेली. मिनो तसाच बसला होता. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली.

"ओलिवा?"

"चल."

"हॉटेलवर?"

"नाही. पोलीस चौकी कुठे आहे विचारू कुणाला तरी."

त्यानं पायरीची कड घट्ट धरली. मग म्हणाला, "उद्या. घरी जाऊन सांगतो, आपल्याच पोलिसांना. आधी नुरियाला तरी कळू दे."

"उद्या तू उजेडात उठशील," ती म्हणाली. "तुला सगळं दिसेल. तू हसशील, माझी थट्टा करशील, आणि मला पटवशील. मी पटेन, मिनो. मला माहीत आहे ना मी कशी आहे ते. आत्ता चल."

तिनं हात पुढे केला. तो त्याला दिसला नाही, म्हणून तिनं त्याचा हात धरून त्याला उठवलं. तिथून ती बोलत राहिली, फक्त कामापुरतं. पायरी. अजून एक. इथे उतार आहे. डावीकडे खांब. रस्त्यात कुत्रा फिरवायला निघालेला एक म्हातारा भेटला, त्याला विचारलं.

"पाकीट मारलं का?" म्हातारा कळवळून म्हणाला. "हल्ली फार झालंय. आणि यांना लागलंय की. पडलात का साहेब?"

"पडलो," मिनो म्हणाला.

"दगड गुळगुळीत झालेत. इथे आम्हीसुद्धा पडतो." त्यानं कोपऱ्यापर्यंत सोबत येऊन रस्ता दाखवला.

चौकीत टेबलामागे एक तरुण पोलीस होता. त्यानं आधी गुडघ्याकडे पाहिलं आणि चोरीची तक्रार लिहायला पेन उचललं. मिनोनं सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर पोलिसानं पेन खाली ठेवलं.

"थांबा. हा अपघात इथला?"

"नाही. अस्तुरियासचा. फेब्रुवारीतला."

"मग तिथे जायला हवं ना तुम्ही. इथे का आलात?"

मिनोनं ओलिवाच्या दिशेनं मान वळवली. ओलिवा म्हणाली, "कारण आत्ता आम्ही इथे आहोत."

पोलीस तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं त्यांना बाकावर बसायला सांगितलं, आत जाऊन कुणाशी तरी बोलला, फोन झाले, दार उघडलं, बंद झालं. दरम्यान एक पोर्तुगीज पोरगी रडत आली, तिचा फोन चोरीला गेला होता. तिला टेबलाशी बोलावलं तेव्हा तिनं पाठीवरची पिशवी मिनोच्या उजव्या बाजूला बाकावर ठेवली.

"काका, जरा हिच्यावर नजर ठेवाल?"

"ठेवतो, बाळ," मिनो म्हणाला. आणि त्यानं पिशवीवर हात ठेवला, पट्टा मुठीत धरला आणि ती परत येईपर्यंत सोडला नाही.

मग त्याला आत बोलावलं. ओलिवा उठली, पण पोलीस म्हणाला, "एकट्यालाच." मिनो निघाला आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. तेव्हा कुठे त्या तरुण पोलिसाच्या ध्यानात आलं. त्यानं पुढे होऊन त्याचं कोपर धरलं, म्हाताऱ्या बापाला देवळात नेताना धरतात तसं, आणि आत नेलं. ओलिवानं सांगितलं की त्या सगळ्या संध्याकाळीत तिला तिथेच धीर धरवला नाही. बाकावर बसून ती हुंदके देऊन रडली, आणि ती पोर्तुगीज पोरगी आपला फोन विसरून तिची पाठ चोळत राहिली.

जबाब झाला. त्यांना हॉटेलवर जाऊ दिलं आणि गावी जाऊन हजर व्हायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या बसनं ते परत आले. नुरियानं दिलेल्या चार रात्रींतली एकच झाली. त्या रात्री दोघं एका पलंगावर, पाठीला पाठ लावून, कपड्यांसकट पडून होते.

पुढे खटला चालला. कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. वय, डोळे आणि स्वतःहून आलेला आहे हे बघून तुरुंगात पाठवलं नाही, पण निकालात एक वाक्य होतं ते वकिलानं वाचून दाखवलं: वेळेवर मदत मिळाली असती तर माणूस वाचण्याची शक्यता होती. मिनो ते ऐकताना उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही. गावात दोन तट पडले. काहींनी त्याला रस्त्यात ओळख द्यायचं सोडलं. त्याहून जास्त लोकांनी ओलिवाला सोडलं. नवऱ्याला स्वतःच्या हातानं नेऊन देणारी बाई, म्हणाले. माझ्या स्वतःच्या सासूनं तिला कोंबडीची अंडी द्यायचं बंद केलं. नुरियानं आईशी कितीतरी महिने अबोला धरला. तिचं म्हणणं एकच होतं: नजर आहे तोवर बाबाला आणखी थोडे दिवस सुखानं बघू द्यायचं होतंस. लग्न झालं, पण साधंच, माद्रिदला, आणि ओलिवा मागच्या रांगेत बसली.

पण हे सगळं नंतरचं. तोलेदोहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोलिसांकडून आल्यावर, दोघं चढ चढून वरच्या वस्तीवर रेमेदियोसकडे गेले. मी त्यांना जाताना पाहिलं. चढावर ती पुढे होती आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

रेमेदियोसनं दार उघडलं. कुणीतरी आधीच तिच्या कानावर घातलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं आत बोलावलं नाही. मिनोनं टोपी काढली आणि सगळं सांगितलं, धप्प आवाजापासून दारावरच्या पावापर्यंत. ती चौकटीला टेकून ऐकत होती. हातात कांदा होता, अर्धा सोललेला.

त्याचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "तू खाली उतरलास तेव्हा तो काही बोलला का?"

"मला ऐकू आलं नाही, रेमेदियोस. इंजिन चालू होतं. रेडिओही."

"रेडिओ बंद नाही केलास?"

"नाही."

तिनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं राहिलं होतं. ओलिवाकडे तिनं एकदा पाहिलं. ओलिवा काहीतरी म्हणायला पुढे झाली, पण रेमेदियोस म्हणाली, "आज नको. कधी ते मी सांगेन." आणि दार लावलं. आपटलं नाही, नेहमीसारखं लावलं. अजूनपर्यंत तिनं सांगितलेलं नाही.

दोघं दारासमोर थोडा वेळ उभे राहिले. ओढ्यापलीकडच्या डोंगरावर ऊन होतं, रस्ता सावलीत गेला होता. ओलिवानं विचारलं, कुणाच्या गाडीतून जाऊ या का. मिनो म्हणाला नको, चालत जाऊ, खाली पोचेपर्यंत उजेड पुरेल.

तो पुरला नाही.